बोर्डावरची टकटक

ज्या गावात दोरीवर कपडे वाळत नाहीत, तिथे ड्रायर दुरुस्त करणाऱ्याला मान असतो. हे गाव समुद्राला इतकं चिकटून बसलं होतं की वर्षातले निम्मे महिने हवाच ओली असायची. सकाळी वाळत घातलेला शर्ट संध्याकाळी तितकाच ओला, वर थोडा खारट. म्हणून घरोघरी ड्रायर. कुणाकडे कोरा करकरीत, कुणाकडे दुसऱ्याने काढून टाकलेला, पण हवाच. आणि तो बिघडला की घराची कळा पाहवत नसे. खुर्च्यांच्या पाठींवर चादरी, दारांवर पायजमे, दिव्याच्या टोपीवर मोजे आणि घरभर ओल्या लोकरीचा वास.

मग कुणीतरी म्हणायचं, "मिस्त्रीला बोलवा." आणि मिस्त्री म्हटलं की दोन माणसं यायची. पुढे मिस्त्री, मागे त्याची बायको. तिला सगळं गाव वहिनी म्हणायचं. पिकल्या केसांची माणसंही वहिनीच म्हणायची, आणि ती सगळ्यांवर वहिनीच्याच हक्काने डाफरायची. ड्रायरची जाळी उपसून राखाडी कापसाचा गठ्ठा ती घरमालकिणीच्या हातात ठेवायची आणि विचारायची, "मशीन आहे का मेंढी?" मालकीण बिचारी ओशाळून जायची.

वहिनी या धंद्यात हौसेने आलेली नव्हती. लग्न नवं होतं, मिस्त्रीचा मदतनीस काम सोडून गेला होता आणि मशीनच्या मागे बॅटरी धरायला माणूस हवा होता. "दोन दिवस चल," मिस्त्री म्हणाला. ते दोन दिवस काही संपले नाहीत. तिचे हात बारीक. ड्रमच्या मागे जिथे मिस्त्रीचा पंजा अडकायचा, तिथे तिचा हात कोपरापर्यंत सहज जायचा. हळूहळू बॅटरी मिस्त्रीच्या हातात गेली आणि पक्कड हिच्या हातात आली.

शिकवण्याची मिस्त्रीची पद्धत म्हणजे ओरडणं. "भिंतीपासून सुरू कर," तो म्हणायचा. "आधी बोर्ड, मग केबल, मग केबल मशीनला जिथे जोडलीये तो ठोकळा, मग दाराचा स्विच, मग थर्मोस्टॅट, मग हीटर. मधलं एक ठिकाण सोडायचं नाही. तुला वाटतंय हीटर गेलाय? वाटू दे. तुझ्या वाटण्याला मशीन भीक घालत नाही." वहिनीला राग यायचा. एकदा रागारागाने तिने सरळ हीटरच उघडला, तासभर घाम गाळला आणि हीटर चांगला निघाला. वायर तुटली होती दाराच्या बिजागरीपाशी, उघडझाप होऊन होऊन, आणि वरचं आवरण शाबूत असल्यामुळे दिसत नव्हती. मिस्त्री मागे उभा राहून हे सगळं बघत होता आणि एक शब्द बोलला नव्हता. घरी आल्यावर मात्र तो हसत सुटला. वहिनीने त्या दिवशी त्याला वाढलं नाही, पण त्यानंतर मधलं ठिकाण कधी सोडलंही नाही.

या गावातल्या जुन्या घरांत ड्रायरला प्लग नसतो. जाडजूड केबल भिंतीतून थेट बोर्डाला जाते, आणि बोर्ड असतो भलतीकडेच, जिन्याखाली नाहीतर पॅसेजमध्ये. मशीनच्या मागे वाकलेल्या माणसाला तो दिसत नाही. त्यासाठी दोघांचा एक नियम होता. एकाने बोर्डापाशी जायचं, ड्रायरचं बटण पाडायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "बंद!" दुसऱ्याने मशीनपासून विचारायचं, "बंद?" पुन्हा उत्तर आलं "बंद!" की मगच हात आत घालायचा. टेस्टर लावायचा नाही. "टेस्टर परक्याच्या शब्दाला," मिस्त्री म्हणायचा, "घरच्या शब्दाला नाही."

हा शुद्ध वेडेपणा होता. विजेला घरचं आणि परकं काय कळतंय? पण एवढ्या काटेकोर माणसाने हा एकच वेडेपणा का जपला, ते वहिनीला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ती बोर्डापाशी होती. तिने बटण पाडलं, "बंद!" म्हणून दोनदा ओरडली आणि आपण चुकीचं तर पाडलं नाही ना, या धास्तीने धावत मशीनकडे आली. तोवर मिस्त्रीने उघड्या तांब्यावर बोटं ठेवलेली होती आणि तो शांतपणे स्क्रू फिरवत होता. नव्या नवरीच्या एका शब्दावर त्याने जीव टाकला होता. हा माणूस आपल्याशी कधी गोडगोड बोलणार नाही, हे तिला तेव्हाच उमगलं, आणि त्याची गरजही उरली नाही.

मग एका सकाळी दात घासता घासता मिस्त्री मोरीतच खाली बसला. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवा पाय ओढत होता, उजव्या हातातून पेला निसटत होता आणि सगळे शब्द गेले होते. एक सोडून. तो शब्द होता "बरं". भूक लागली तरी बरं, डोकं दुखलं तरी बरं. शेजारीपाजारी समाचाराला यायचे, विचारायचे, "काय मिस्त्री, कसं वाटतंय?" तो म्हणायचा, "बरं," आणि ते खूश होऊन जायचे. जन्मभर ज्याच्या तोंडून कुणाचं कौतुक निघालं नाही, तो आता जो येईल त्याला बरं म्हणत होता. या गोष्टीवर वहिनी एकदा खूप हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मिस्त्रीने तिच्या पाठीवर डावा हात ठेवला आणि म्हणाला, "बरं, बरं."

पोट कुणासाठी थांबत नाही. वहिनी एकटी कामावर जायला लागली. बोर्डापाशी गिऱ्हाईक उभं राहायचं आणि ती परक्याच्या शब्दाला टेस्टर लावायची. मिस्त्री खिडकीत बसून असायचा. ती पिशवी भरायला लागली की तो एकेका अवजाराकडे बघायचा, आणि ती निघाली की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. एका दुपारी ती निघाली, तर हा दारात उभा, डाव्या हातात दोन्ही बूट घेऊन. ती खाली बसली, त्याच्या पायात बूट चढवले आणि नाड्या बांधल्या.

त्या दिवशीच्या घरी बोर्ड जिन्याखाली होता. मिस्त्री तिथे उभा राहिला, वहिनी मशीनच्या मागे वाकली. बटण पडल्याचा आवाज आला आणि मग आला त्याचा आवाज: "बरं!" मग पुन्हा "बरं!" चिडून, कळवळून. वहिनीने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात बोर्डाच्या लाकडी चौकटीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली. टक टक.

"बंद?" वहिनीने विचारलं.

टक टक.

तिने हात आत घातला. टेस्टर लावला नाही. काम आटोपून दोघं बाहेर पडले तेव्हा मिस्त्रीचा चेहरा आजारपणाआधीचा होता, किंचित आखडू, किंचित तिरकस. परत येताना त्याने पिशवी तिच्याकडून ओढून घेतली आणि पाय ओढत ओढत पुढे चालत राहिला.

तेव्हापासून तो पुन्हा मिस्त्री झाला. सकाळी आपणहून उठायचा, आपणहून बुटांपाशी जाऊन बसायचा. तिने एखादा स्क्रू ढिला ठेवला तर बोट दाखवून "बरं?" असं अशा सुरात विचारायचा की तिला जुनं ओरडणं आठवायचं आणि बरं वाटायचं. वहिनीला देवाकडून एवढंच हवं होतं. हा माणूस मिस्त्री म्हणून जगावा. नुसता कुणाचा तरी नवरा होऊन, खिडकीत बसून, तो जगला नसता.

मग ताटाची गोष्ट सुरू झाली. मिस्त्री आता स्वतःच्या हाताने जेवायला लागला, पण अर्धंच. ताटाच्या मधोमध कुणी रेघ मारावी तसा डावीकडचा भात संपलेला आणि उजवीकडची भाजी जशीच्या तशी. "माज आलाय का अन्नाचा?" वहिनी खेकसायची. तो रिकाम्या नजरेने ताटाकडे बघायचा आणि उठायचा. एकदा ती ताट उचलायला गेली, कुणीतरी दार वाजवलं म्हणून तिने ते पुन्हा खाली ठेवलं, आणि ठेवताना ते फिरलं. परत येऊन बघते तर मिस्त्री अधाशासारखा भाजी खात होता, जणू आत्ताच कुणी वाढली होती. म्हणजे इतके दिवस हा माणूस अर्धपोटी उठत होता आणि वर हिचं खेकसणं ऐकून घेत होता. वहिनीला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मिस्त्रीचा व्यायाम घ्यायला घरी येणाऱ्या बाईंना तिने दारातच गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत हो त्यांचे. पण उजवीकडे काही आहे, हेच त्यांच्या ध्यानात येत नाही. त्यांच्या लेखी ती बाजूच नाही. आणि आपल्याला काही कमी दिसतंय, हेही त्यांना कळत नाही."

वहिनीने हे कुणाला सांगितलं नाही. मिस्त्रीला तर नाहीच. जेवताना मध्येच ती सहज ताट फिरवायची. दाढी करून तो आरशापासून उठला की "थोडं राहिलंय" म्हणत उजव्या गालावर स्वतः वस्तरा फिरवायची. आणि त्याच आठवड्यात तिने पिशवीच्या तळातून लहानसा टेस्टर काढून झग्याच्या बाहीत ठेवायला सुरुवात केली. जमेल तिथे ती आधी बोर्ड बघून यायची आणि ड्रायरचं बटण त्याच्या डाव्या हाताला येईल असं त्याला उभं करायची. तरीही टक टक झाली, "बंद?" म्हणून झालं, पुन्हा टक टक झाली की बाहीतून टेस्टरचं टोक बाहेर यायचं. दिवा लागला नाही की तिला हायसं वाटायचं, आणि दरवेळी ती मनातल्या मनात त्याची माफी मागायची.

लेक शेजारच्याच गल्लीत दिली होती. ती हुशार, आणि बापासारखीच एक ठिकाण न सोडणारी.

"आई, बाबांना घरी ठेव. दुपारची मी येऊन बसेन."

"ठेव म्हणजे? ते काय कुंडी आहेत?"

"बोर्डापाशी उभं करतेस त्यांना! उद्या तुझंच काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"आजवर झालं का?"

लेकीने तिच्या बाहीकडे बघितलं. "टेस्टर लावतेस ना तू?"

वहिनीने बाही खाली ओढली.

"लावतेस. मग त्यांना नेतेस कशाला?"

"हळू बोल," वहिनी आतल्या खोलीकडे बघत म्हणाली. "कामावरून आल्यावर त्यांचं तोंड बघितलंयस का तू कधी? नाही ना? मग बोलू नकोस."

"आणि ज्या दिवशी त्यांना कळेल त्या दिवशी काय करशील?"

"नाही कळणार," वहिनी म्हणाली. लेक पदराच्या टोकाशी चाळा करत बसली.

बाजाराच्या कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच त्याचं घर. ड्रायर घरचाच, पण दुकानाचे टॉवेलही त्याच्यातच वाळायचे. न्हाव्याचं तोंड त्याच्या कात्रीपेक्षा जोरात चालायचं.

"या मिस्त्री, या वहिनी! अहो, मशीनला माणसासारखे झटके यायला लागलेत. मनात आलं तर गरम, नाहीतर नुसतंच गरगर. आणि हात लावला की अशा झिणझिण्या येतात म्हणता! बायको म्हणते, दुकानात ठेवा, गिऱ्हाइकांना मालिश फुकट."

"आधी कुणी हात लावला होता का याला?" वहिनीने विचारलं.

"मेव्हण्याने. बोर्डाचं बटण सारखं पडत होतं, त्याने काहीतरी कापलं, मग पडायचं थांबलं."

मेव्हण्याने काय कापलं असणार ते वहिनीला तिथेच कळलं. अर्थिंगची वायर. जी धोक्याची सूचना देत होती तिचंच तोंड त्याने बंद केलं होतं. ती दोन शब्द सुनावणारच होती, पण न्हावी तोवर मिस्त्रीच्या हनुवटीला धरून उजेडात उभा होता. धंदाच तो त्याचा.

"मिस्त्री, दाढी कुठे करता तुम्ही? हा डावा गाल एका हातचा आहे आणि हा उजवा दुसऱ्याच हातचा. खरं की नाही? माझ्यापासून नाही लपायचं."

वहिनी मध्येच पुढे झाली. "मीच करते मेली थोडीशी," ती घाईघाईने म्हणाली. "हात दुखतो त्यांचा."

मिस्त्रीने डावा हात उचलून उजव्या गालावरून फिरवला. मग बायकोकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला, पण नेहमीसारखा नाही, अगदी सावकाश.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली. वहिनीने बोर्ड बघितला नाही. दुकान आणि घर यांच्यामधल्या अरुंद पॅसेजमध्ये नवा बोर्ड बसवला होता. एका ओळीत काळी बटणं, आणि ओळ संपल्यावर उजवीकडे, जरा अंतर सोडून, ड्रायरचं वेगळं बटण. मिस्त्री पॅसेजमध्ये गेला. वहिनी मशीन भिंतीपासून न ओढताच मागच्या फटीत शिरली, कारण तिला त्या गालाच्या विषयापासून लवकर दूर जायचं होतं.

टक टक.

"बंद?"

टक टक.

बाहीतून टेस्टर निघाला आणि तिने त्याचं टोक मागच्या पत्र्याला टेकवलं. आतला चिमुकला दिवा लाल झाला.

पहिल्यांदा तिला वाटलं, उजेडाचा भास असेल. तिने टोक काढलं, पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. मशीन थांबलेलं असलं तरी हीटरच्या एका टोकाला करंट असतोच. आत कुठेतरी वायर सोलून पत्र्याला लागली होती, आणि अर्थिंग मेव्हण्याच्या कृपेने कापलेलं. ती ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती. टेस्टर नसता तर तिचा दुसरा हात त्या पत्र्यावर असता.

भीती तिला नंतर वाटली. त्या क्षणी तिला वाटलं एवढंच, की हे त्यांना कळता कामा नये.

"पाणी पिऊन येते हो," असं मोठ्याने म्हणत ती उठली आणि पॅसेजमध्ये गेली. मिस्त्री बोर्डाकडे तोंड करून ताठ उभा होता. ओळीतलं शेवटचं काळं बटण त्याने पाडलेलं होतं, कडेचं ड्रायरचं वरच होतं. ती त्याच्या उजव्या बाजूने गेली. त्या बाजूला काय वाट्टेल ते केलं तरी त्याला दिसत नाही, याची तिला इतक्या दिवसांत खात्री झालेली होती. त्याच्या खांद्यावरून हात घालून तिने कडेचं बटण हळूच पाडलं.

खट्.

कान मात्र मिस्त्रीचे शाबूत होते. जिथे त्याच्या लेखी काहीच नव्हतं, तिथून बटण पडल्याचा आवाज आला होता. त्याने मान वळवली, आणखी वळवली, पार खांद्यापर्यंत, तेव्हा त्याला बायको दिसली. तिच्या मुठीतून डोकावणारं टेस्टरचं टोकही दिसलं.

"ते... परकं घर आहे ना," वहिनी म्हणाली. "म्हणून म्हटलं."

त्याने डावा हात पुढे केला. ती हलली नाही. त्याने हात तसाच धरून ठेवला. शेवटी तिने मूठ उघडली.

मग मिस्त्रीने तेच केलं जे तो जन्मभर करत आला होता. त्याने भिंतीपासून सुरुवात केली. टेस्टर खिशाला लावला आणि डाव्या हाताचं बोट बटणांच्या ओळीवर ठेवलं, अगदी डावीकडून. एकेका बटणावरून बोट पुढे सरकत गेलं. त्याची ओळ जिथे संपत होती तिथे बोट क्षणभर थांबलं, मग तसंच पुढे गेलं, रिकाम्या जागेवरून, आणि आणखी एका बटणावर आदळलं. तो सरळ समोर बघत होता. बोटाखाली बटण होतं आणि डोळ्यांना नव्हतं. त्याने मान उजवीकडे वळवली. बटण आलं. मान सरळ केली. गेलं. पुन्हा वळवली, पुन्हा सरळ केली. एकदा दिसलेल्या बिघाडावर त्याने कधीच विश्वास ठेवला नव्हता.

"अहो, राहू द्या ना," वहिनी म्हणाली. "मी बघितलं होतं, काही झालं नसतं."

त्याने तळहात उभा करून तिला थांबवलं. कामात असताना तो तसंच थांबवायचा. कडेचं बटण त्याने वर केलं, पाय ओढत मशीनकडे गेला, भिंतीला धरून फटीत वाकला आणि टेस्टर पत्र्याला लावला. ती जिथे बसली होती तिथली तिच्या गुडघ्यांची दोन पुसट वर्तुळं अजून फरशीवर होती. दिव्याचा लाल ठिपका त्याच्या नखावर पडला. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. वहिनीला वाटलं त्याला उठता येत नाहीये, म्हणून ती पुढे झाली, पण त्याने तिचा हात घेतला नाही. तो स्वतःच उठला, पॅसेजमध्ये गेला, मान पूर्ण वळवून बटण पाडलं, परत येऊन पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. बिघाड सापडला होता. त्याने टेस्टर तिच्या हातात दिला, तिची बोटं त्यावर मिटवली आणि दुकानात निघून गेला.

वहिनीला त्याच्या मागे जायचं होतं. पण काम अर्धं टाकून जाणं तिला त्यानेच शिकवलं नव्हतं. तिने मागचा पत्रा काढला. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि स्क्रू दोनदा हातातून पडले, न्हाव्याच्या बायकोने विचारलं तर ती म्हणाली, धूळ गेली. हीटरची वायर पत्र्याच्या भोकातून जात होती. भोकाच्या कडेचं रबर कधीच गळून पडलेलं होतं आणि मशीनच्या थरथरीने पत्र्याची धार वायरला रोज थोडी थोडी कापत होती. बरेचसे तंतू तुटलेले, उरलेल्यांवर हीटर कसाबसा चालायचा. तिने तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, भोकाला नवं रबर बसवलं, मेव्हण्याने गुंडाळलेली टेप उलगडून अर्थिंग जागेवर आवळलं, आणि मीटर लावून बोर्डापासून हीटरपर्यंत सगळं तपासलं. मग स्वतःच पॅसेजमध्ये गेली, स्वतःच बटण वर केलं. मशीन सुरू झालं. थोड्या वेळात दारातून गरम वाफ आली, आणि टॉवेलांचा उबदार वास सगळ्या घरात पसरला.

ती दुकानात आली तेव्हा मिस्त्री गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला होता. एका बाजूला कुणी पेपर वाचत होतं, दुसऱ्या बाजूला कुणी पेंगत होतं, आणि मध्ये हा, हात मांडीवर ठेवून, पाळी येण्याची वाट बघणाऱ्या माणसासारखा. इतक्या वर्षांत मशीन उघडं असताना तिने त्याला कधी बसलेलं बघितलं नव्हतं.

"मिस्त्री, झालं बघा!" न्हावी ओरडला. "वहिनींनी पळवलं मशीन."

मिस्त्रीने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. ती नजर वहिनीच्या ओळखीची होती. गावातल्या प्रत्येक घरात तिने ती बघितली होती, चादरी खुर्च्यांवर टाकून ताटकळलेल्या बायकांची, ओले मोजे हातात घेतलेल्या म्हाताऱ्यांची. काय झालं होतं हो? आता नीट चालेल ना? मिस्त्री तिला तेच विचारत होता.

ती त्याच्यासमोर खाली बसली. पिशवी बाजूला ठेवली. सगळ्यांना सांगते तसं त्याला सांगायला लागली, की मागे एका भोकातून वायर जाते, तिथलं रबर पडलं होतं, म्हणून पत्र्याची धार लागत होती. तिचा आवाज फुटला. न्हाव्याची कात्री थांबली आणि पेपरही खाली आला, पण तिला त्याची पर्वा नव्हती. मिस्त्री पुढे झुकून, भुवया आवळून, एकेक शब्द मन लावून ऐकत होता, ज्याला यातलं काही माहीत नाही असा माणूस ऐकतो तसा. त्याला माहीत नसलेला बिघाड ती त्याला आज पहिल्यांदाच सांगत होती. सांगून संपलं की पुढे काय, ते तिला माहीत नव्हतं. म्हणून ती सावकाश सांगत राहिली, कुठला स्क्रू आधी काढला, कुठला नंतर, कुठला गंजला होता, सगळं.